चौथा चर

मुलगी: बाबा, पाणी कुठं गेलं?

वडील: कुठलं पाणी?

मुलगी: दलदलीतलं! अर्ध्या तासापूर्वी मी मीटिंगला गेले तेव्हा या स्क्रीनवर कमरेएवढं पाणी होतं. आणि आता हे... हे काय आहे? हे तर मैदान आहे!

वडील: मैदान नव्हे, शेतजमीन. खालून काळीभोर निघालीय बघ. तूच म्हणालीस ना, बाबा, खेळ तयार होत आलाय, बसा आणि दलदल खरी वाटते का ते सांगा. म्हणून बसलो.

मुलगी: एवढंच सांगायचं होतं! खरी वाटते की नाही!

वडील: खरी वाटली म्हणूनच तर चर खणले.

मुलगी: चर? कशानं खणलेत?

वडील: गोठ्यामागे ते पिवळं यंत्र उभं होतं. किल्ली लावलेलीच होती.

मुलगी: ते गाळात रुतलेला ट्रॅक्टर ओढून काढायला ठेवलंय, बाबा! मास्तरीण! ए मास्तरीण, हेडफोन काढ आणि इकडे ये. माझ्या तोंडचं पाणी पळालंय आणि नकाशातलंही.

(मास्तरीण खुर्चीवर बसल्या बसल्याच चाकं ढकलत शेजारच्या टेबलावरून येते.)

मास्तरीण: नमस्कार, काका. तुम्हीच ना ते, चाळीस वर्षं निचरा खात्यात होतात? ही सकाळपासून सगळ्यांना सांगत होती, माझे बाबा येणार आहेत म्हणून.

वडील: अडतीस वर्षं. कार्यकारी अभियंता म्हणून निवृत्त झालो. तुम्ही आधी शाळेत होतात का?

मास्तरीण: छे हो. सगळ्यांच्या चुका काढते म्हणून हे नाव पडलंय. खेळातलं पाणी माझ्याकडे असतं. कुठून वाहायचं, कुठं साचायचं, ते मी लिहिते. आता काय झालं ते... अगं बाई!

मुलगी: हा बग आहे ना? बग आहे असं सांग, म्हणजे मला बरं वाटेल.

मास्तरीण: थांब, बघू दे. तीन चर उभे, चौथा आडवा. तिन्ही येऊन त्याला मिळतायत आणि तो थेट नदीत सोडलाय. काका, नदी कुंपणापलीकडे धुक्यात आहे. ती कुणाला दिसत नाही. तुम्हाला उतार कळला कसा?

वडील: दहा मिनिटं शेवाळाकडे बघत बसलो. ते जरा जरा दक्षिणेला सरकत होतं. म्हणजे उतार तिकडे. पहिल्या तीन चरांनी काही हललं नाही. चौथा आडवा घेतला आणि मग असं चाललं म्हणता पाणी!

मास्तरीण: शेवाळ सरकतं? मला माहीतच नव्हतं. आणि ते मीच लिहिलंय.

मुलगी: कौतुक कसलं करतेस? चार वाजता साहेब येतायत. दलदलीचा नकाशा बघायला! सात महिन्यांच्या मेहनतीवर पाणी फिरलं म्हणावं, तर पाणीसुद्धा शिल्लक नाही!

मास्तरीण: सकाळी सेव्ह केलेली प्रत आहे, ती उघडता येईल. त्याचं काही नाही. पण हा नकाशा लाखभर लोक खेळणार. त्यांच्यात एखादा तरी काकांसारखा निघेल.

वडील: एखादा? सगळेच निघतील. दलदल दिसली की माणूस चर खणणारच. बरं, मला एक कळत नाही. हा शेतीचा खेळ आहे ना?

मुलगी: हो.

वडील: मग शेत कुठं आहे?

मुलगी: दलदल हेच शेत. लव्हाळा कापायचा, कमळं लावायची, बदकं पाळायची, नावेतून माल न्यायचा. पाण्याशी जमवून घ्यायचं.

वडील: आणि जिंकायचं कसं?

मुलगी: जिंकायचं नसतं, बाबा. राहायचं असतं.

वडील: दलदलीत राहायचं? त्या डासांत?

मुलगी: डास नाही ठेवलेत आम्ही.

वडील: मग खरी वाटत नाही, असं लिहून घे.

मास्तरीण: अगं, या म्हशींना काय झालंय?

मुलगी: कुठं? अरे देवा. सगळ्या कुंपणाला डोकी लावून उभ्या आहेत. अशा का उभ्या आहेत त्या?

मास्तरीण: ऊन चढलं की पाण्याकडे जा, असं सांगून ठेवलंय त्यांना. आता पाणी उरलंय फक्त नदीत, आणि मधे कुंपण. त्यांनी तरी काय करावं?

मुलगी: आणि ही नाव बघ. चिखलावर आडवी पडलीय, तरी वर लिहून येतंय, 'वल्हवा'.

वडील: मी काय म्हणतो, आवाज का बंद झाला? मघाशी बेडूक ओरडत होते. माझ्या हातून चुकून काही दाबलं गेलं का?

मास्तरीण: नाही हो. बेडकांचा आवाज पाण्याला जोडलाय. पाणी गेलं की आवाज गेला. खरं तर हळूहळू कमी व्हायला हवा होता, ते माझ्याकडून राहून गेलं.

वडील: बरोबर आहे ते. तसाच जातो. आज असतो, उद्या नसतो.

मुलगी: काय म्हणालात?

वडील: काही नाही. पाणी परत आणायचं कुठून?

मुलगी: तसं काही नाही यात.

वडील: चर बुजवले तर? हा बघ, चौथा बुजवला. हे तिन्ही बुजवले. का येत नाही?

मास्तरीण: येणार नाही, काका. पाणी जातं कसं ते मी लिहिलं. परत येतं कसं ते कुणी मागितलंच नाही. खरोखर किती दिवस लागतात? तुम्ही सांगा, मी तसं लिहिते.

वडील: मला माहीत नाही.

मुलगी: असं कसं? अडतीस वर्षं हेच तर करत होतात.

वडील: अडतीस वर्षं पाणी काढलं. परत आणायचं काम खात्यात नव्हतं.

मुलगी: बाबा? मी ओरडले म्हणून रागावलात का?

वडील: नाही गं. तू जिथं चालायला लागलीस ना, ते सरकारी घर तुला आठवणार नाही. स्वयंपाकघराच्या खिडकीतून थेट दलदल दिसायची.

मुलगी: फोटोत बघितलंय. आई तिथं तापानं आजारी होती ना?

वडील: दोन वर्षं. ताप यायचा, जायचा, पुन्हा यायचा. डॉक्टर म्हणाले, आणखी एक ताप झेपायचा नाही. आणि त्या दलदलीची फाइल वर्षभर माझ्याच टेबलावर पडून होती. मी चार खेटे घातले, वरून मंजुरी आणली आणि चर खणले. ताप गेला. तुझी आई हिंडूफिरू लागली. लोकांनी त्या जमिनीत असं पीक काढलं की लांबून लांबून माणसं बघायला यायची.

मुलगी: मग चांगलंच झालं की.

वडील: झालं ना! तेच तर म्हणतोय.

मास्तरीण: पण?

वडील: चराच्या तोंडाशी पाणी जायला मी सिमेंटची मोरी बांधली होती, खोल खांबांवर, पण जमिनीला अगदी टेकून. वर्षानं बघायला गेलो तर मोरी अधांतरी. खालून हात घातला, तो पलीकडे निघाला. माझी मतीच गुंग झाली. मोरी वर कशी आली? माती कुणी चोरून नेली का, असंसुद्धा विचारलं मी लोकांना. हसले ते मला.

मास्तरीण: म्हणजे जमीन खाली गेली होती?

वडील: ती आपल्या नेहमीच्या मातीसारखी नसते हो. शेकडो वर्षं कुजत पडलेली मुळं, पानं, देठ. पाणी आहे तोवर फुगून राहतात. सुकली की बसायला लागतात आणि बसतच जातात. मग खळगा होतो, त्यात पुन्हा पाणी साचतं, की आणखी खोल चर खणा. याला शेवट नाही.

मुलगी: तुम्ही वर कळवलंत का हे?

वडील: कळवलं. 'मोरीची दुरुस्ती करावी', असं कळवलं.

मुलगी: बाबा!

वडील: मग काय लिहायचं होतं? चर बुजवा म्हणून? घरात तुझी आई बरी होऊन गाणं गुणगुणत फिरत होती. दारात लोक येऊन हात जोडत होते. बरोबर केलं की चूक, हे तेव्हा कळत नव्हतं. वाटलं, वय झालं की कळेल. आता वयही झालं. तू सांग.

मुलगी: मी काय सांगू? आई वाचली ना त्यानं. मला... मला नाही कळत, बाबा.

मास्तरीण: पावणेचार वाजलेत. मी सकाळची प्रत उघडते. आणि गोठ्यामागचं ते यंत्रच उडवून टाकते. म्हणजे चर खणायची सोयच राहणार नाही.

मुलगी: हो, उडव.

वडील: नका उडवू.

मुलगी: आता काय?

वडील: असू दे ते. ज्याला खणायचंय त्याला खणू दे. पीकसुद्धा येऊ दे चांगलं, भरघोस. फक्त नंतर जमीन बसू दे.

मुलगी: अहो, खेळणाऱ्यांना काही उमगणारच नाही. त्यांना वाटेल खेळ बिघडलाय. गोठा कलला, कुंपण लोंबायला लागलं, का ते कळेना! तक्रारींचा ढीग लागेल. साहेबांनी विचारलं, हे काय आहे, तर मी काय सांगायचं?

वडील: सांग की माझे वडीलही असेच बघत उभे राहिले होते.

मास्तरीण: मला चालेल. साहेबांना मी सांगते, पाणी माझ्याकडे आहे. पण काका, मला आकडे लागतात. किती बसते जमीन?

वडील: पहिल्या वर्षी चार बोटं.

मास्तरीण: चार. दुसऱ्या?

वडील: तीन. थोडी जास्तच, पण तीन धरा.

मास्तरीण: आणि तिसऱ्या वर्षी?

वडील: तिसऱ्या वर्षी मी बदली मागून घेतली.

मुलगी: ती माझ्या शाळेसाठी ना, बाबा?

वडील: तुझ्या आईला मी तसंच सांगितलं होतं.