डबल दिल्याशिवाय नाही

आणि वर ती डॉक्टर पोरगी मलाच विचारते, 'काका, घाबरलात का?' नाही हो बाई, हौस म्हणून घाम फुटलाय मला! तुम्हाला सांगतो, सव्वीस वर्षं बस चालवली, कुणाच्या सायकलला ओरखडा नाही, आणि मागच्या आठवड्यात एका सिग्नलला ब्रेक जरा… अगदी किंचित उशिरा लागला, पुढच्या टेम्पोचा मागचा दिवा फुटला, तर डेपोचे साहेब म्हणतात, 'हे पायाचं नाही, डोक्याचं असेल. मेंदू तपासून या. नापास झालात तर स्टिअरिंग विसरा, स्टोअरमध्ये नटबोल्ट निवडत बसा.' निवडत बसा! गाडीत घंटी कंडक्टरच्या हातात असते ते ठीक, पण इथं डोकं माझं, आणि घंटी भलत्याच्याच हातात!

बरं, पोरगी माझ्या पुतणीच्या वयाची, डोक्याला वायरींची टोपी चढवते आणि समजावते, 'काका, मेंदूच्या एका भागातून दुसऱ्या भागाला सतत निरोप जातात. काही म्हणतात चल, काही म्हणतात थांब. नुसतेच चल आले तर झटके येतील, नुसतेच थांब आले तर आडवे व्हाल.' मी म्हटलं, आणि थांबवतं कोण? तर म्हणे, 'पुढचा भाग थांबवणाऱ्या पेशींना जागं करतो, मग त्या हाताला गप्प करतात.' म्हणजे बघा, थांबवणाऱ्यालासुद्धा आधी कुणीतरी चल म्हणायचं! आमच्या घरी तेच… मी मेव्हण्याशी वाद घालायला लागलो की बायको स्वतः बोलत नाही, माझ्या आईला कोपरानं ढोसते, मग आई म्हणते, 'पुरे!' तोवर मी जे बोलायचं ते बोलून बसलेलो असतो! मग माझा तो ब्रेक… निरोप असाच कुठं मधेच रेंगाळला असेल का हो?

तर परीक्षा काय? हिरवा दिवा लागला की बटण दाबा, घंटी वाजली की दाबू नका. सोपं! दिवा लागला, घंटी वाजली 'टिंग टिंग', मी दाबलं. पुन्हा 'टिंग टिंग', पुन्हा दाबलं. 'काका, थांबायचंय!' अहो, थांबू कसा? कंडक्टरनं एक मारली की थांब, दोन मारल्या की चल, सव्वीस वर्षं हेच! आणि खरं सांगू, त्या दिवशीही सिग्नल लाल व्हायला आणि मागून डबल यायला एकच गाठ पडली होती! डोकं माझं, आणि घंटी भलत्याच्याच हातात!

पोरगी हसली, म्हणाली, 'बरं, एकच वाजवते.' 'टिंग.' थांबलो! काय थांबलो म्हणता, दगड! ती खूश, मी खूश. पुढचा हिरवा दिवा लागला… मी आपला बोट वर धरून बसलेला. 'काका, हिरवा लागलाय!' दिसतोय की. 'मग दाबा ना!' अहो, डबल कुठंय अजून?

शेवटी तिनं कागदावर लिहिलं, 'मेंदू ठणठणीत. मात्र कंडक्टरसोबतच गाडी द्यावी.' पास! डोळ्यांत पाणी आलं हो माझ्या. तस्सा डेपोत गेलो, कागद साहेबांपुढे ठेवला. साहेबांनी वाचला, आणि भिंतीवरच्या नोटिशीकडे बोट केलं… पहिल्या तारखेपासून सगळ्या गाड्या विनाकंडक्टर! आता तर घंटी कुणाच्याच हातात नाही!

साहेब म्हणाले, 'उभे काय राहिलात? निघा स्टोअरकडे!'

म्हटलं, निघतो की साहेब… तेवढी डबल द्या.