खुर्चीत बसली ती गेली

मुलगा : मग ही कोण? ही समोर उभी आहे ती माझी आई. तिकीट हिचं, चाकांची खुर्ची हिच्या गुडघ्यांसाठी सांगितलेली.

खुर्चीवाला : साहेब, मी तर तुमच्या आईंना विमानाच्या दारात सोडून आलो. राखाडी शाल, मांडीवर फाईल.

मुलगा : ती मावशी. आईची धाकटी बहीण. नुसती सोडायला आली होती. आई बाथरूमला गेली, मी पाणी आणायला. पाच मिनिटं फाईल धरून बस म्हटलं तिला.

खुर्चीवाला : त्या बसल्या ना, पण खुर्चीत. बावीस वर्षं या विमानतळावर खुर्ची ढकलतोय मी. खुर्चीत बसतो तो जातो.

मुलगा : अहो, नाव तरी विचारायचं.

खुर्चीवाला : विचारलं. त्यांनी फाईल दाखवली. इमिग्रेशनवाल्याने विचारलं, त्यालाही फाईल. तपासणीला चपला काढा म्हणाले, तर आधी फाईल दाखवली, मग चपला काढल्या.

मुलगा : ते मीच... गाडीत दोघींना बजावलं होतं. तिथे तोंड उघडायचं नाही, कोणी काही विचारलं की फाईल पुढे करायची.

खुर्चीवाला : चांगलं मुरलंय मग.

मुलगा : आणि मी पाऊण तास बायकांच्या बाथरूमसमोर. मावशी दिसेना, वाटलं तीही आतच गेली असेल. विमान थांबवा.

खुर्चीवाला : रिक्षा आहे का ती, हात केला की थांबायला? बेटावरचा विमानतळ हा, धावपट्टी संपली की समुद्र. ते बघा काचेतून. गेलं पाण्यावर.

मुलगा : आई, तू बस आधी. नाही, मीच बसतो. गुरुवारी ताईचं बाळंतपण, तिकडे तिला दुसरं कोणी नाही, आणि विमानात मावशी. आई, काहीतरी बोल गं.

आई : पाणी आणलंस का?

मुलगा : अगं, उतरल्या उतरल्या पकडतील तिला. पासपोर्टवर फोटो तुझा.

खुर्चीवाला : फोटो त्यांचाच होता साहेब. मी स्वतः बघितला, हनुवटीवरच्या तिळासकट.

मुलगा : आईच्या हनुवटीवर कुठे तीळ आहे?

आई : फोटोच्या दिवशी माझे गुडघे धरले होते. तीच गेली. ठसेही तिनेच दिले.

मुलगा : म्हणजे पासपोर्ट काढल्यापासून, चार महिने हे चाललंय?

आई : तिकडच्या व्हिसाच्या कागदात बाळंतपणाला आईलाच बोलावता येतं, मावशीला नाही. मी नोकरीवर जायचे तेव्हा तुझ्या ताईला सहा वर्षं कोणी सांभाळलं, ते कुठल्या रकान्यात लिहायचं होतं?

मुलगा : आणि तू बाथरूममध्ये लपून बसलीस.

आई : दाराच्या फटीतून बघत होते. खुर्ची वळली तेव्हा तिने हात केला. मीही केला.

खुर्चीवाला : तरीच. मी मागे वळून बघितलं, तर कोणीच नव्हतं.

मुलगा : ताईला काय सांगू मी आता? या दिवसांत धक्का बसेल तिला.

आई : काही सांगू नकोस. मावशीसाठी खिडकीजवळचा पलंग लावून ठेवला म्हणून कालच फोन आला होता तिचा.