गेट आमच्या हद्दीत

…"गेट कर्जतच्याच हद्दीत निघणार, शंभर टक्के, फक्त एक आहे की…" एवढं बोलला आणि उतरला की हो तो कंपनीचा साहेब. आता तुमीच सांगा, माणसानं वाक्य तरी पुरं करावं का नाय? फोन कानाला, पिवळं हेल्मेट काखेत, आणि लोधिवलीच्या फाट्यावर सहा सीटरमधून असा उतरला, जसं काय त्याच्या पुढच्या चार शब्दांवर कुणाचं काय अडलेलंच नाय. मी आतल्या बाजूला, मांडीवर तांदळाची पिशवी, पायाशी कुणाची तरी कोंबडी, मान लांबवून लांबवून किती लांबवणार… तवर गाडी सुटली. "फक्त एक आहे की" काय? हे मला त्या दिवशी कळलं असतं, तर आज तुमच्यापुढं हे सांगायची पाळी आली नसती.

गेटचं कसलं एवढं, असं तुमाला वाटेल. तुमी हद्दीवर राहत नाय, म्हणून वाटेल. आमचं गाव म्हणजे वीस-बावीस घरं, कर्जत तालुक्याचं शेवटचं टोक, मधे ओढा, आणि ओढ्यापल्याड खालापूर. माती तीच, पाऊस तोच, पण कंपन्या सगळ्या पल्याड आणि फार्महाऊसं अलीकडं. पल्याडच्या पोरांना गेटपास, आमच्या पोरांना दुसऱ्याच्या हिरवळीवर पाणी मारायचं काम. लाईट गेली की कर्जतवाला म्हणतो फॉल्ट खालापुरात हाय, खालापूरवाला म्हणतो तार कर्जतीतून आलीय. पुलावर एक खड्डा पडला, तो पण मेला मोजून मधोमध. एका वर्षी पल्याडच्यांनी खडी आणून निम्मा भरला. खोटं नाय सांगत, निम्मा. उरलेल्या निम्म्यात आमच्या ह्यांनी सायकल घातली आणि पुढचा दात घालवला. हद्दीवर राहायचं म्हणजे असंच असतं बघा.

तर अशा जागी लोखंडी पत्र्याच्या कॉईलची मोठी कंपनी आली. जागा ओढ्याच्या दोन्ही अंगाला, शेड एवढं की मागचा डोंगर कमरेपर्यंत दिसेनासा झाला. गेट कुठं निघणार ते मात्र कुणालाच ठाऊक नाय. आणि गेट म्हणजे काय नुसतं दार असतं का? गेट जिकडं, तिकडं चहाची टपरी, तिकडं पंक्चरवाला, तिकडं भाड्याच्या खोल्या. गेट नसेल तिकडं नुसता धूर.

आता इंदूबाईचं ऐका. माझी शेजारीण. सव्वीस वर्षं आमची मधली भिंत एक, ओटा एक, आणि तुमाला सांगते, भांडणं पण एकच, तेच तेच पुन्हा भांडायचो. नवरा चार वर्षांमागं गेला. पोरगा नीलेश खोपोलीला, चांगला पोरगा, तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. तो दर रविवारी यायचा आणि आईला सांगायचा, "आई, इथं एकटी काय करणार? घर त्या फार्महाऊसवाल्याला देऊन टाकू, त्याच्या कुंपणाच्या मधेच तर येतंय. तू माझ्याकडं चल." आईनं "बघू" म्हणून दोन वर्षं काढली. मग एका सकाळी तिनं स्वतःचा पाटा-वरवंटा उचलून माझ्या दारात आणून ठेवला.

"हे काय गं?"

"तिसऱ्या मजल्यावर वाटण घातलं तर खालची बाई वर येईल. राहू दे तुझ्याकडं."

पाटा दिला, म्हणजे ही जाणार. त्याच्याच दुसऱ्या दिवशी तो हेल्मेटवाला भेटला आणि अर्धं बोलून उतरला.

मी सात यत्ता शिकलेय. इंग्रजी आलं नाय, गणित कळलं नाय, पण एक मात्र बाईंनी पक्कं शिकवलं, रिकाम्या जागा भरा. सहा सीटर ठाकरांच्या वाडीच्या चढाला लागेपर्यंत माझी जागा भरून झाली होती. घरी आले, पिशवी टाकली, आणि तशीच तिच्या पडवीत गेले. म्हटलं, "इंदू, गेट आपल्या हद्दीत येतंय. साहेब स्वतः बोलला. फक्त एक हाय की दोनशे माणसं कामाला आणि जेवणाची सोय कुठं नाय."

"खरं गं?"

"ह्या कानांनी ऐकलं."

"जेवणाचं पण तोच बोलला?"

"मग मी बोलले?"

तिनं माझ्याकडं एकदा बघितलं. मग उठली, माझ्या घरात गेली, पाटा उचलला आणि आपल्या घरी घेऊन गेली.

नीलेश पुढच्या रविवारी आला तो थेट माझ्याच दारात. "काकी, आईला काय सांगितलंत? ती खानावळ काढतेय." मी म्हटलं, "काढू दे की रं, तुझ्या आईच्या हाताला चव हाय." "चव हाय, पण गेट कुठाय?" मी त्याला चहा दिला.

खानावळ निघाली. पडवीत दोन बाकडी, बाहेर बोर्ड. बोर्ड गावातल्याच पोपटनं रंगवला, "इंदूबाई खानावळ, घरगुती जेवण". तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, जवळ्याची चटणी. वास असा की वाटेनं जाणाऱ्याचा पाय अडखळावा. आणि अडखळायचे पण. पण आत कोण येईना. का? तर आपलीच माणसं. शेजारणीच्या घरी पैसे देऊन जेवायचं हे आमच्यात कुणी कधी केलेलंच नाय. पोपट सायकलवरून चालला होता, तिनं हाक मारली, "ये रं, जेव."

तो म्हणाला, "वैनी, अडचण हाय. पैसे दिले तर तुमचा अपमान, नाय दिले तर तुमचं नुकसान."

आणि गेला. दुसऱ्या दिवसापासून तो बांधावरून जायला लागला, मग त्याच्या मागनं सगळं गावच बांधावरून. चांगली डांबरी वाट सोडून माणसं चिखलातनं चालली, का, तर इंदूबाईचा अपमान नको. ह्याला माया म्हणायची का काय म्हणायचं, तुमीच ठरवा. हद्दीवर राहायचं म्हणजे असंच असतं बघा.

म्हणजे आता सगळी भिस्त परक्यांवर. दोनशे कामगारांवर. जे मी, ह्या तोंडानं, आणून ठेवले होते.

आणि तुमाला सांगते, गेट आलं. खरंच आलं. जेसीबीनं कुंपणाची भिंत फोडली ती बरोबर आमच्या अंगाला, इंदूच्या घरापासून दगड मारला तर लागेल एवढ्यावर. मला रडू फुटलं. मला वाटलं, देवानं माझं खोटं पदरात घेतलं, खरं करून परत दिलं. कंपनी सुरू व्हायच्या दिवशी आमी दोघींनी पहाटेपासून चाळीस माणसांचं बिरडं रांधलं, भाकऱ्यांची चळत माझ्या गुडघ्याएवढी. आठ वाजले. नऊ वाजले. ओढ्यापल्याड बसचे हॉर्न ऐकू यायला लागले, एक बस, दोन बस, तीन… सगळ्या पल्याडच्या मोठ्या गेटानं आत. माणसं खोपोली स्टेशनवरून बसनं येणार, आतच कँटीनमध्ये जेवणार, बसनंच जाणार. आमच्याकडं जे आलं, ते गेट नंबर दोन. मालाचं. त्यातनं नुसते ट्रेलर.

"फक्त एक आहे की…" ते हे होतं. "मालाचं आहे, माणसांचं नाही." चार शब्द हो. फोनवर बोलणाऱ्याला काय जड होते का?

दुपारी इंदू बिरड्याच्या टोपापुढं बसली होती. रडत नव्हती, माश्या वारत होती. मग गावातली माणसं आपली आपण आली. पोपट आला, त्याची बायको आली, सगळे आले. तेराव्याला बसतात तसे खाली मान घालून बसले आणि जेवले. उठताना एकेकानं आपलं ताट स्वतः घासलं.

सगळे गेल्यावर मी म्हटलं, "इंदू, तो जेवणाचं बोलला नव्हता गं."

"ठाऊक हाय."

"कधीपास्नं?"

"तवापास्नंच. खोटं बोलताना तू पदर नाकाला लावतेस. सव्वीस वर्षं बघतेय."

"मग खानावळ कशाला मांडलीस?"

तिनं टोपावर झाकण घातलं. म्हणाली, "नीलेशला नाय म्हणायला काय तरी पायजे होतं. 'आईला इथनं हलायचं नाय' म्हटलं की पोरं टीव्ही आणून देतात. 'आईचा धंदा हाय' म्हटलं की गप बसतात."

मी टोप घासायला घेतला.

आता पुढचं. ट्रेलरवाले. कुठून कुठून येतात, छत्तीसगड, ओरिसा, पंजाब, आणि माल उतरवायचा नंबर लागेपर्यंत दोन-दोन, तीन-तीन दिवस गेटाबाहेर उभे. मला वाटलं, चला, हे तरी जेवतील. एकाला इंदूनं विचारलं, तो हात जोडून म्हणाला, "अम्मा, खाना तो हम खुद बनाते हैं." चाकाच्या आडोशाला त्यांचा स्टो, त्यांचंच पीठ, त्यांचेच कांदे. मी कपाळाला हात लावला. तेवढ्यात तो म्हणाला, "नहाने का पानी मिलेगा क्या? पाँच दिन हो गए."

इंदूनं माळ्यावरचा नवऱ्याचा बंब खाली काढला.

आता जाऊन बघा. बोर्ड तोच, पण पोपटनं "घरगुती जेवण" ह्याच्या खाली "अंघोळीचं गरम पाणी" लिहिलंय, जेवणापेक्षा मोठ्या अक्षरात. मागच्या अंगाला पत्र्याच्या दोन न्हाण्या. मागल्या रविवारी नीलेश आला तर अंगणात अकरा ड्रायव्हर, खांद्यावर टॉवेल, ओळीनं उभे. पोरगा दारातच थांबला. "आई, हे काय?" आई बंबात लाकूड सारत म्हणाली, "धंदा. बाजूला हो, त्यांचा नंबर हाय." फार्महाऊसवाला पण एकदा गाडीतून बघून गेला. घराचं नाव त्यानं पुन्हा काढलं नाय, अंघोळ करणाऱ्यांच्या शेजारी त्याचे पाव्हणे कसे यायचे.

म्हणजे बघा, गेट आलं, ते खरं. परकी माणसं आली, ते खरं. जेवायला आली नाय. आणि इंदू गेली नाय, राहिली, ज्यासाठी मी जिभेला काळं लावून घेतलं ते तर सोळा आणे झालं. फक्त दुपारी ओट्यावर बसायची ती इंदू आता दिसत नाय. हाक मारली की आतनं ओरडते, "आनंदे, बंब पेटलाय, मग बोलू." ते "मग" काय येत नाय. हद्दीवर राहायचं म्हणजे असंच असतं बघा. सव्वीस वर्षांची शेजारीण, मधे एक भिंत, आणि तिच्याशी दोन शब्द बोलायचे तर मला सकाळी उठून टॉवेल घेऊन लायनीत उभं राहावं लागतं.