टॉफीच्या बरणीतलं रताळं

टोपलीत शिंकणारी कोंबडी. भिंतीवर गाईच्या पोटाचा नकाशा. सोमवार. पिरंगुटचा जनावरांचा दवाखाना. माझ्यामागच्या बाकावर टॉफी नावाचा कुत्रा, त्याची मालकीण ऋतिका आणि तिची घरमालकीण सगुणाबाई.

"पोरी, तुझ्या बरणीतलं रताळ्याचं काप खाल्लं मी सकाळी."

"अहो काकू, ते टॉफीचे दात घासले जावेत म्हणून करते मी."

"त्ये असू दे. मीठ घातलंस का?"

"कुत्र्याला मीठ चालत नाही."

"आन् तेल?"

"नाही. नुसते वाळवलेत."

"मग चालतंय उपासाला. सोळातला पंधरावा सोमवार हाय माझा."

"काकू... वरून हळद लावलीय."

"हळद! आता पुन्ना पहिल्यापासनं सोळा करू व्हय?"

"अगदी चिमूटभर. हिरड्यांसाठी."

"चिमूट कुणाच्या मापानं?"

"टॉफीच्या वजनाप्रमाणे. पंधरा किलोला एक."

"आन् मी साठ किलो. म्हंजी चार चिमटी खाल्ल्याबिगर मला हळद लागतच न्हाई."

"हो, पण उपवासाचं तसं असतं का?"

"महादेव काय अडाणी हाय व्हय? उपास शाबूत हाय माझा."

भूल देऊन दात साफ करायचे असल्यामुळे टॉफीला सकाळपासून उपाशी ठेवलं होतं.