पोरांना हाक मारा

— नाही नाही, काका, तिकडे वाऱ्यात नको, इकडे, या दगडाच्या आडोशाला ठेवा. हळू. हां, अशी. फार उपकार झाले बघा, जीप खाली ओढ्यात रुतली नसती तर एवढं धूड तुमच्या पाठीवर दिलं नसतं मी. तुम्हाला कोणी पाठवलं, गावप्रमुखांनी? नाही? मग आपणहूनच आलात? बरं. आता जा म्हणायला हवं मी, पण बसा जरा. बसाच. एकटीनं ही पेटी खोलायला नको वाटतं. हसा खुशाल. ओश शहराहून आलेली सरकारी बाई, एवढी मोठी पेटी घेऊन आलेली, आणि उघडायला घाबरतेय.

ताझागुल म्हणतात मला. मोजणी ऑफिसात आहे. तिपाईवर दुर्बीण लावायची, समोर कोणीतरी पट्टी धरून उभं राहायचं, आकडा घ्यायचा — सगळा जन्म असाच गेला माझा, आणि चांगला गेला हो. जमीन आपल्या जागेवर असते, आपणही आपल्या जागेवर असतो, कोणाला घाई नसते. आता हे ड्रोन आलं. साहेब म्हणाले, ताझागुल, हे आपलं आपण उडतं, तुम्ही फक्त बटण दाबायचं, एखादी शेळीसुद्धा उडवेल. मी म्हटलं, मग शेळीलाच पाठवा त्या साय-बुलाक गावाला. — नाही, मनात म्हटलं. तोंडावर कोण बोलतंय! चार दिवस शिकवलं आम्हाला, फुटबॉलच्या मैदानात, गवत कापलेलं, वारा नाही, आणि शिकवणारी मुलगी शेजारी दुसरं रिमोट घेऊन उभी. चुकलं की ती सावरायची. आज ती पलीकडच्या खोऱ्यात गेलीय, तिथंही दरड आलीय म्हणे. या वर्षी डोंगरांना झालंय काय कोणास ठाऊक, इतका पाऊस पिऊन बसलेत. तर आज मी एकटी. पहिल्यांदा. आणि समोर मैदान नाही, हे आहे.

बघवत नाही ना? मीसुद्धा तिकडे पाठ करूनच बसलेय, बघा. वरपासून खालपर्यंत सगळं एकच तपकिरी, जणू कोणी कणकेचा गोळा थापावा तसं. आणि त्या डाव्या कडेला दोघं-तिघं फावडी घेऊन — अजून उकरतायत का हो? सगळ्यांना खाली यायला सांगितलं होतं ना सकाळी? ऐकत नसतील. कोण ऐकेल!

थांबा, बॅटरी. ही इथे, माझ्या कोटात, छातीशी धरून आणलीय. गार पडली की दगा देते म्हणतात, म्हणून वाटभर पिलासारखी उबवत आणली. घ्या, तेवढ्यात कुरुत घ्या, घरचं आहे, सासूबाई दही सुकवून करतात. नको? सकाळपासून काही खाल्लं नाहीत वाटतं. ठेवते हं इथे, मन झालं की घ्या. — तर बघा, पाती लावली. पाती उलटी लागली की हे जमिनीवरच लोळतं, म्हणून दोनदा बघते. तीनदा बघते. आणि सगळ्यात भीती कशाची सांगू? उंचीची. हे यंत्र उंची मोजतं ती आपण उभे आहोत तिथून. आणि समोरचा डोंगर आपल्याहून वर चढत गेलाय. म्हणजे मी इथून ऐंशी मीटर म्हटलं आणि तिकडे डोंगरच शंभर मीटर वर असला, की गेलं सरळ भिंतीत. सबंध ऑफिसात एकच आहे हे. नवरा म्हणाला, या वयात खेळणी उडवायला निघालीस, पाडलंस तर माहेरी जा. थट्टेनंच म्हणाला. पण म्हणाला.

आता इथे ते विचारतंय, घर कुठे. म्हणजे उडून झालं की परत कुठे उतरायचं, ती जागा. त्याला हे घरच म्हणतं. दाबलं. 'घर ठरले.' ऐकलंत ना, बोलतंसुद्धा. — काय झालं? नाही, मला वाटलं तुम्ही काही म्हणालात.

वारा पडला की लगेच सोडते. दुपारपर्यंत नकाशा हवाय त्यांना, संध्याकाळी समिती बसणार आहे खाली शाळेत. तसा निर्णय काय, झालेलाच आहे. नकाशा नंतरच्यासाठी. कुठवर कुंपण घालायचं, मौलवींनी कुठे उभं राहून नमाज पढायचा, पाटी कुठे लावायची — त्याला हद्द लागते ना काहीतरी. एवढ्या चिखलातून कोणाकोणाला काढणार, ते तरी काय करतील? सगळी जागाच कबरस्तान म्हणून जाहीर करायची म्हणतायत. त्याला कागदावर आकार लागतो. तो आकार काढायला मी आलेय. मशिनं? ती खणायची मशिनं? ती — डिझेल भरायला गेलीत असं सांगितलंय का तुम्हाला? हो. हो, डिझेलच असेल. मी खाली रस्त्यावर पाहिलं तेव्हा ट्रेलरवर चढवत होते, पण — डिझेलच असेल, काका, मला त्यातलं काय कळतंय! मी आपली मोजणीवाली. मी हे बोलायला नको होतं. कोणाला सांगू नका हं मी बोलले म्हणून. गावात ज्यांची माणसं आत आहेत त्यांना समितीच सांगेल, नीट, सावकाश, चहा वगैरे देऊन.

इकडे बघा, दुसरं काहीतरी दाखवते तुम्हाला. हा टॅबलेट. यावर बोटानं रेघ ओढायची, असं असं असं, चारी बाजूंनी, की आतल्या आत ते आपणच ओळी पाडून घेतं — शेत नांगरताना बैल जातात ना, इकडून तिकडे, मग वळून तिकडून इकडे, अगदी तसं उडतं. एकही जागा सोडत नाही. आणि खाली दिसतंय ते चित्र आत्ताचं नाही हं. गेल्या उन्हाळ्यातलं आहे, उपग्रहानं काढलेलं. बघा किती स्वच्छ. ही मशीद. ही जर्दाळूची झाडं. या निळ्या पत्र्यासमोर दोरीवर कपडे वाळत घातलेत, दिसतात बघा, रजया असणार, पांढरं-लाल —

काय, काका? हात नका लावू, रेघ सरकेल. सरकली बघा. काढा बोट. काढा ना —

अहो.

तुमचं आहे का ते?

निळा पत्रा. तुमचा.

तरीच तुमचे हात — कोपरापर्यंत चिखल — आणि मी आपली मघापासून बडबडतेय, कुरुत घ्या म्हणतेय. या अल्लाह! मला वाटलं तुम्ही नुसते मदतीला आलात. मग पेटी कशाला उचललीत माझी? — हां. कळलं. काय आणलंय ते बघायचं होतं तुम्हाला. यातून आतलं माणूस दिसतं का, ते बघायचं होतं. नाही हो काका. आतलं नाही दिसत. वरचंच दिसतं फक्त. माझ्याकडे बघू नका असे.

कोण कोण आहे आत? … घरातून — म्हणजे बायको. आणि सूनबाई. आणि तुम्ही मेंढ्या घेऊन वर गेला होतात. आणि पोरं? ती तिकडे कडेला फावडी घेऊन आहेत ती तुमची पोरं? दोघंही? सूनबाई धाकट्याची. लग्नाला वर्ष नाही झालं. बास. बास, सांगू नका आणखी.

ऐका. ऐका माझं, तुमचं नाव काय — तोकोन. तोकोनकाका, एक होऊ शकतं. हे मी उगीच म्हणत नाही, हे माझं काम आहे आणि हे मला येतं. डोंगराची आधीची उंची ऑफिसात आहे. आत्ताची हे घेईल. आत्ताच्यातून आधीची वजा केली की कुठे किती चिखल बसलाय ते कळतं. मध्यावर घराहून उंच थर असेल, तिथं काही खरं नाही. पण तुमचं घर कडेला आहे. अगदी कडेला. तिथं जर थर पातळ निघाला, माणसाच्या उंचीचा, दीड माणसाचा, तर मी स्वतः समितीसमोर ठेवते. म्हणते, हे बघा, इथे खणता येतं, एक मशीन इथे परत आणा. जिवंत म्हणत नाही मी. तसं म्हणणार नाही. पण हातात तरी मिळतील. आंघोळ घालून, कफन घालून, तुमच्या हातानं. एवढं मिळालं पाहिजे माणसाला.

वारा पडला. पडला ना? त्या गवताकडे बघा. उंची परत बघते. डोंगराच्या माथ्याच्याही वर धरलीय. बरोबर आहे. बरोबर आहे बहुतेक. तुम्ही दोन पावलं मागे व्हा. बिस्मिल्ला —

उडालं! अग बाई, उडालं, काका! बघा, मी हातही लावत नाहीये, जातंय आपलं आपण. किती आवाज करतं, गांधीलमाशीसारखं. आता ते पलीकडच्या टोकाला जाईल आणि तिथून ओळी सुरू करेल. पहिली ओळ. वळलं. छान वळलं. दुसरी. तुमचं घर खालच्या ओळीत येईल, शेवटाकडे, अजून वेळ आहे. आधी वरचा उतार घेतंय ते, गवताचा, जिथून तुटलं तिथला. इथे कोपऱ्यात दिसतं बघा खालचं, जसं जातंय तसं. गवत. गवत. तुटलेली कड. गवत —

हे काय आहे?

थांबा. थांबवते, इथे थांबवायचं बटण — हां. उभं राहिलं. काका, तुम्ही मेंढ्या चारता ना तिथं, तुम्हाला माहीत असेल, तिथं पायवाट आहे का? तुटलेल्या कडेच्या वर, गवतातून आडवी? नाही? नीट आठवा. नाही. पायवाट नाही मग ती. काळी आहे, आणि एका बाजूचं गवत खाली बसलंय. हात घालता येईल एवढी रुंद आहे. नाही, माणूस उतरेल एवढी. कुठवर गेलीय — पुढे नेते — अजून आहे. अजून आहे. डाव्या कडेपर्यंत. पार डाव्या कडेपर्यंत, काका, तुमच्या पोरांच्या डोक्यावर.

भेग आहे ती. सगळा वरचा तुकडा सुटलाय. ताजी आहे, कड ओली दिसतेय. तिच्यात पाणी मुरत असणार रात्रीपासून.

पोरांना हाक मारा.

उठा, काका. हाक मारा त्यांना, इकडे या म्हणून. डोंगरावरून मेंढरांना हाक मारता तशी. माझा आवाज नाही पोचणार, आणि पोचला तरी माझं कोण ऐकतंय, मी कोण त्यांची! सकाळपासून सरकारी माणसं या म्हणतायत, ते येत नाहीत. तुमचं ऐकतील. … मला ठाऊक आहे. मला ठाऊक आहे ते कुठे उकरतायत. त्यांच्या आईला काढतायत, मला कळतं. पण ती मेलेली आहे, काका, आणि ही जिवंत आहेत. मी बोलले. मीच बोलले, तुम्हाला बोलायला नको. तुम्ही फक्त हाक मारा. नका बसू असे. नका हो तोंड झाकून बसू, तोकोनकाका, पाया पडते, ओरडा —

हां. अजून. अजून मोठ्यानं.

ऐकलं. थोरला वळला. फावडं टाकलं त्यानं. येतोय. धाकटा — धाकटा नाही बघत. परत मारा. नाव घेऊन मारा. परत. थोरला मागे गेला त्याच्याकडे, धरतोय त्याला. झटापट करतायत. ओढतोय. ओढ रे, ओढ पोरा, मार त्याला लागलं तर. — पडले दोघं. उठले. येतायत. तो रडतोय वाटतं, इथून काही दिसत नाही, पण चालतोय तसा. ओढ्यात उतरले. अलीकडे आले. आले, काका. दोघंही आले.

बसा. पाणी प्या. मीही बसते.

डोंगर नाही आला, नाही. आहे तसाच आहे. आज येईल, आठवड्यानं येईल, येणारही नाही कदाचित. उगीच बोलावलं असं वाटेल त्यांना. वाटू दे.

हे बघा, बॅटरी सरत आली तसं परत आलं, उतरलं आपलं आपण. एक ओरखडा नाही. शिकवणारी मुलगी खूश होईल माझ्यावर.

काय म्हणता? … हो. तेच मघापासून माझ्या डोक्यात आहे. थर पातळ असला तरी आता कोणी नाही खणणार. हे चित्र मी दिलं की एक माणूस, एक मशीन तिथं जाऊ देणार नाहीत ते, आणि बरोबर करतील. हात कशाला पुढे करताय? हे कार्ड? काढलेली चित्रं यातच आहेत सगळी, हो. हे नसेल तर भेग कोणी बघितलेली नाही, मशीन परत मागता येईल, चालवणारा वर येईल, पोरं येतील. मला काय कळत नाही का तुम्ही काय मागताय? नाही देणार, काका. मोडा माझा हात, पण नाही देणार. मशीन चालवणाऱ्यालाही घरी कोणी असेल.

मघाशी तुम्हाला शब्द दिला होता मी, आंघोळीचा, कफनाचा. तो द्यायला नको होता. माझ्या हातात नव्हतं ते. मी मोजते फक्त.

जा आता. पोरं खाली वाट बघतायत. धाकट्याला एकटं सोडू नका, आज नका, उद्याही नका. शाळेत चूल पेटलीय, तिथं न्या त्याला. काय सांगायचं त्याला ते मला नाही ठाऊक. नका विचारू. जा, काका. असे माझ्याकडे बघत उभे राहू नका. जा ना.