मोनानं काढलेली स्नेहल

नाही नाही, चष्मा नाही लागत मले मॅडम, चित्र दिसतात साफ — अक्षरं तेवढी नाही वाचता येत, दुसरीतच शाळा सुटली माही, पन सही येते, सुलोचना असं पुरं नाव लिवते मी, आंगठा नाही लावत — करते ना सही, पुण्यावरून येवढ्या लांब आल्या तुमी त्या छापाच्या परवानगीच्या कागदासाठी, पन पयले पुस्तक पाहू द्या. चहा घ्या तोवर. रुचि नाव ना तुमचं? माह्या मोनाच्याच वयाच्या दिसता, मी ‘तू’च म्हनते मंग. मोना फोनवर म्हने, आई, मी माह्या लहानपनाची ग्राफिक नॉवेल केली. मी म्हटलं, थे काय असते वं? त म्हने, चित्रांचीच कादंबरी असते, तुले बी वाचता येईल. खरंच सांगतलं पोट्टीनं! हे पाय, हे आमचंच घर — ही छपरी, हे कॅलेंडर, दोन हजार तीनचं, बारा वर्सं झाली त्याले — आन् हे मी! नाक केवढं काढलं माह्यं, बाप्पा! हे तिचे बाबा. रायपूरले बांधकामावर राहत होते तवा, म्हनून हातात पिशवीच काढली, जाताना नाही त येताना. हे विहार, पांढऱ्या फ्रॉकातल्या पोट्ट्या — ही मोना, दहा वर्साची, आन् ही स्नेहल, माही मोठी. पंधराची होती.

हिले तोंड काऊन नाही वं? सगळ्याइले नाक-डोळे काढले, बकरीले बी काढले, आन् हिले नाही — पान उलट. इथं बी नाही. वेनी हाये, निळी रिबन हाये, तोंड कोरं. छापायचं राहिलं का? — मोनानं असंच ठेवलं? आठवत नाही म्हने तिले? आता कसं आठवंल, एक फोटो नाही पोट्टीचा घरात. दहावीचा फोटो निघनार होता शाळेत, त्याच्या पयलेच गेली. एक चित्र होतं. मोनानंच काढलं होतं, या भितीवर, कोळशानं — स्नेहल खाटेवर झोपलेली, डोळे मिटून. त्याच दिवशी काढलं होतं. हुबेहूब होतं वं, हनुवटीवरचा तीळ बी होता. थे मीनं पोतून टाकलं. पांढरी छुईमाती कालवली आन् तिसऱ्या दिवशी अख्खी भीत पोतली, मोना दारात उभी राहून पाहत होती. कायले पोतलं म्हनतेस? पाहवत नव्हतं म्हनून. नाही — थांब, पुढचं पान पाहू.

हे मोठं हाये. दोन पानं मिळून एकच चित्र. मोना भितीकडं तोंड करून बसली, हातात कोळसा — मांगं खाट — आन् वर कोनाड्यात हे काय, येवढंसं, पांढरं? गोळी. बरोबर, कोनाड्यातच ठेवली होती मीनं. खाली काय लिवलं? वाच. — अजून एक डाव वाच. ‘मी तिला गोळी द्यायला विसरले.’ असं लिवलं तिनं? येवढंच?

सांगते ना काय झालं होतं. धानाच्या रोवन्याचे दिवस. तीन रोजापासून ताप होता स्नेहलले, चढे आन् उतरे, चढे आन् उतरे. मी गेली रोवन्याले, मोनाले बसवलं तिच्यापाशी, म्हटलं दुपारी हे गोळी दे बईनीले, पानी पाज. पोट्टी लहान, चित्रात गुंगली, राहिलं तिच्यानं. मी घरी आली त स्नेहल डोळे पांढरे करून राहिली होती, हातपाय ताठ. बैलबंडी जुपली, टेसनापर्यंत बी नाही पोचलो, वाटेतच गेली. घरी आनलं, मानसं जमली. माहा दीर, चैतराम, थो समद्याइसमोर मले म्हने, वहिनी, गोळी देल्ली होती का नाही? आन् मी — मीनं मोनाकडं बोट दाखवलं. म्हटलं, इले सांगतलं होतं. बस. येवढंच बोलली मी. तिले मारलं नाही, शिवी नाही देल्ली. सहा महिने थे पोट्टी बोलली नाही कोनाशी. मंग नवोदयात नंबर लागला, हॉस्टेलले गेली, तिथं पुन्हा चित्र काढाले लागली म्हने. मले वाटलं विसरली. लेकरू हाये, विसरून जाते, असंच वाटे मले. त हे — किती पानं हायेत? दीडशे. दीडशे पानं!

उलट, उलट. हे हॉस्टेल. ही मोना मोठी झाली. ही खिडकीत कोन? — स्नेहल हाये. गेल्यावर बी काढली? हे मेसमधली लाईन, आन् मांगं पाय, निळी रिबन. हे बस. हे पुण्याचं कॉलेज का? तिथं बी हाये, जिन्यावर उभी. सगळीकडं उभी हाये. आन् हात असा काऊन पुढं केला तिनं? तळवा उघडा — पयल्या पानावर बी असाच होता? नाही, गेल्यावरच. गेल्यावर प्रत्येक पानावर असा.

थांब वं. मले पानी दे. त्या माठातलं.

मीनं हे कोनालेच सांगतलं नाही, मोनाले त नाहीच. कशी सांगनार? मले बी दिसते थे. रोवन्यात दिसते, भर दुपारी. आमी बाया वाकून असतो रांगेत, बारा जनी असलो त मी मोजते, आन् वाकलेल्या पाठी तेरा भरतात. मान वर केली का धुऱ्यावर, बांधावर उभी. बोलत नाही. हात असाच, असाच पुढं. मोनाले कोनं सांगतलं मंग? मीनं नाही सांगतलं वं, शप्पथ! — मोना म्हनते थे गोळी मांगते? असं लिवलं हाये का? नाही मांगत थे गोळी. माह्याकडं कायले मांगंल गोळी? थे म्हनते, माहा हात धर आन् दवाखान्यात ने. आदल्या दिवशी बी असाच हात केला होता तिनं खाटेवरून, नर्सबाई असताना.

हो, आली होती ना नर्सबाई. आदल्या दिवशी. बोटाले सुई टोचली, काचेवर रगत घेतलं. मले बाहेर बलावून म्हने, सुलोचनाबाई, हे डोक्यात चढनारा मलेरिया वाटते, गोळीनं नाही बसत हे, उद्या पहाटेच दवाखान्यात ने, सलाईन लागंल. मी म्हटलं, हव, नेते. आन् सकाळी उठून पाहिलं त आंग थंड होतं तिचं! उठून बसली, पेज प्याली, हासली माह्याकडं पाहून. मी म्हटलं, उतरला ताप. आदल्याच आठवड्यात भांडन झालं होतं आमचं, तिले दहावीनंतर गोंदियाले राहून शिकाचं होतं आन् मी नाही म्हनत होती — त मले वाटलं, जराशाचं मोठं करून राहिली. मी गेली रोवन्याले. थे गोळी त किराना दुकानातली होती वं, साधी तापाची. देल्ली असती का नसती देल्ली, एकच होतं. मले मालूम होतं. चैतराम विचारत होता तवा बी मालूम होतं. तिच्या बाबाले बी आजवर मालूम नाही. मी म्हटलं, लहान लेकरावर गेलं त कोनी काही म्हनत नाही लेकराले, माह्यावर आलं त —

तू लिवून राहिली का हे? नोको लिवू. पेन ठेव. रडतेस कायले, तुही कोन लागत होती थे?

सही नाही करत मी. आज नाही. हे पान असं नाही छापाचं — काहाडून टाक नाही म्हनत मी, चित्र राहू दे, पन हे अक्षरं खोटी हायेत, हे त्या पोट्टीनं नाही लिवाचं. फोन लाव तिले. तुह्याच फोनातून लाव, माहा नंबर दिसला त म्हनंल आई काहून फोन करते कामाच्या येळी. लाव. वाजून राहिला? दे इकडं.

हॅलो. मोना, मी, आई. हव, आल्या त्या, पुस्तक पाहिलं. चांगलं हाये. नाही, रडून नाही राहिली. आयक. मोना, आयक न वं — तू काहीच विसरली नव्हती. — थांब एक मिनिट.

रुचि, तू बाहेर जाय. कागद राहू दे तिथंच. चहा सोड, जाय म्हनते ना मी — आन् दार लोटून घे.