निवडून दिलेला गूळ

चहा गुळाचा हाय व्हय? मग गूळ कसल्या रंगाचा, ते आधी सांग.

आमचं गुऱ्हाळ कोडोलीला. बाजाराला पिवळाधमक गूळ लागतो, म्हणून उकळत्या रसात आम्ही रंग उजळायची पावडर टाकतो. घरात खायला मात्र बिनपावडरचा, काळपट गूळ वेगळा काढतो.

गेल्या साली माझा शाळेतला दोस्त सलीम आलता. त्याला लहानपणापासनं दमा. निघताना बायको म्हणाली, "भावजींना घरातला गूळ द्या की."

मी खेकसलो, "पावण्याला काळा गूळ देतात व्हय? लाज काढतीस काय?" आणि सगळ्यात पिवळी ढेप त्याच्या पिशवीत घातली.

दुसऱ्या दिवशी त्याच्या पोराचा फोन आला. गुळाचा चहा प्याला आणि अब्बांना धाप लागली, दवाखान्यात हायत.

मी पळत गेलो. डॉक्टर विचारत होते, "गुळात पावडर होती का? काही दमेकऱ्यांना ती सोसत नाही."

मी तोंड उघडायच्या आत सलीमनं नाकावरचा मास्क बाजूला सारला.

"न्हाय डॉक्टर," तो म्हणाला, "गुळात काय बी नसणार. माझ्या दोस्तानं सोताच्या हातानं निवडून दिलाय."